तक्ता दाखवा, नाहीतर दिवाळी आमच्याशिवाय करा

ज्या उद्योगसमूहांची जगभरची उलाढाल वर्षाला ६,४०० कोटी रुपयांच्या वर आहे आणि ज्यांचा माल महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरात, न्हाणीघरात, दप्तरात आणि खिशात रोज पोचतो, त्यांना हा जाहीर इशारा आहे. आमच्या जिवावर मिळवलेला नफा तुम्ही दुसऱ्याच देशातल्या खात्यावर सरकवता आणि इथला कर टाळता, असा आमचा संशय आहे. संशय खोटा असेल तर तो दूर करायला तुम्हाला एक रुपयाही खर्च येणार नाही. कसा, ते पुढे सांगतो. खरा असेल तर आमच्या हातात जेवढं आहे तेवढं, म्हणजे आमची खरेदी, आम्ही थांबवणार आहोत.

६,४०० कोटींचा आकडा मनाचा नाही. आपल्या प्राप्तिकर नियमांप्रमाणे या रेषेच्या वरच्या बहुराष्ट्रीय समूहाला दरवर्षी एक देशवार तक्ता तयार करावा लागतो. कोणत्या देशात किती विक्री झाली, किती नफा दाखवला, माणसं किती कामाला आहेत, मालमत्ता किती आणि कर किती भरला. युरोपात हीच रेषा ७५ कोटी युरोंची आहे. तक्ता तयार होतो, कर खात्याकडे जातो आणि गोपनीय म्हणून तिथेच राहतो. कंपनीचा भागधारक तो मागू शकत नाही. गिऱ्हाइकाला तर असा काही तक्ता असतो हेच माहीत नसतं. आमची मागणी या एका तक्त्यापुरती आहे.

कर चुकवणं आणि कर टाळणं यांतला फरक आम्हाला शिकवायला येऊ नका. चुकवणाऱ्याच्या दारात अधिकारी जातात. टाळणाऱ्याच्या दारात सनदी लेखापाल गाड्या लावून बसलेले असतात. ‘आम्ही ज्या त्या देशातले सर्व कायदे पाळतो’ हे वाक्य तुमच्या जनसंपर्क विभागाच्या संगणकात तयार असेल, ते पाठवण्याचे कष्ट घेऊ नयेत. आम्ही ते मान्य करूनच चाललो आहोत. आमची तक्रार त्या वाक्याच्या पूर्णविरामानंतर सुरू होते.

हा खेळ कसा चालतो हे कळायला ब्रिटनकडे पाहावं लागतं, कारण तिथे तो उघड्यावर आला. १५ ऑक्टोबर २०१२ ला रॉयटर्सनं स्टारबक्सच्या ब्रिटनमधल्या हिशेबांची चिरफाड छापली. १९९८ पासून या कंपनीनं तिथे तीन अब्ज पौंडांहून अधिक किमतीची कॉफी विकली होती आणि त्यावर कंपनी कर भरला होता ८६ लाख पौंड. आधीच्या तीन वर्षांत तर शून्य. योगायोग असा की त्याच आठवड्यात, १९ ऑक्टोबरला, मुंबईत हॉर्निमन सर्कलला स्टारबक्सचं भारतातलं पहिलं दुकान उघडलं आणि लोकांनी दारात रांगा लावल्या. (इथली कंपनी टाटांबरोबरची भागीदारी आहे. तिच्याबद्दल मला या लेखात काही म्हणायचं नाही. मी लंडनबद्दल बोलतो आहे.)

तीन अब्जांच्या विक्रीतून नफा गेला कुठे? वाटा तीन होत्या आणि तिन्ही कायदेशीर. ब्रिटनमधली कंपनी विक्रीचे सहा टक्के आपल्याच भावंड कंपनीला अॅमस्टरडॅमला पाठवायची, रॉयल्टी म्हणून. स्टारबक्स हे नाव लावल्याबद्दल आणि कॉफीची कृती वापरल्याबद्दल. कॉफीच्या बिया कागदोपत्री स्वित्झर्लंडमधल्या दुसऱ्या भावंडाकडून घ्यायची आणि त्या भावंडाचा किमतीवर वीस टक्क्यांचा चढावा असायचा. शिवाय समूहातूनच घेतलेल्या कर्जावर व्याज. ही सगळी वजावट झाली की लंडनच्या वहीत उरायचा तोटा. जवळजवळ दरवर्षी तोटा दाखवणारी हीच कंपनी गुंतवणूकदारांशी बोलताना मात्र ब्रिटनमधला धंदा उत्तम चालल्याचं सांगत होती. १२ नोव्हेंबरला ब्रिटिश संसदेच्या लोकलेखा समितीपुढे स्टारबक्स, अॅमेझॉन आणि गूगलचे अधिकारी बसले. समितीच्या अध्यक्ष मार्गारेट हॉज यांनी त्यांना जे ऐकवलं त्याचा मथितार्थ असा होता की तुम्ही कायदा मोडला असं आम्ही म्हणतच नाही. तुम्ही जे करता ते अनीतीचं आहे असं म्हणतो.

आणि मग गिऱ्हाईक उठलं. ‘यूके अनकट’ या गटानं ८ डिसेंबरला देशभरच्या चाळीसहून अधिक स्टारबक्स दुकानांत ठिय्या दिला. काचा फोडल्या नाहीत. सरकारनं पैसे नाहीत म्हणून ज्या सेवांना कात्री लावली होती त्याच सेवा त्यांनी दुकानात मांडल्या: कुठे पाळणाघर, कुठे बायकांसाठीचा निवारा, कुठे बेघरांची झोपायची सोय. मला हा प्रकार फार आवडतो, कारण त्यात न भरलेला कर आणि बंद झालेलं पाळणाघर यांची सांगड शाळकरी मुलालाही कळेल अशी घातली होती. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे साध्या लोकांनी गाजावाजा न करता शेजारच्या दुकानात जायला सुरुवात केली. स्टारबक्सची ब्रिटनमधली विक्री ४१ कोटी ३० लाख पौंडांवरून पुढच्या हिशेबी वर्षात ३९ कोटी ९० लाखांवर आली. वर्षानुवर्षं चढत गेलेला आलेख पहिल्यांदा खाली वळला. घसरण साडेतीन टक्क्यांचीही नव्हती, हे ध्यानात ठेवा. तेवढीच पुरली.

ठिय्याच्या दोन दिवस आधीच कंपनीनं जाहीर केलं होतं की नफा होवो न होवो, येत्या दोन वर्षांत आम्ही दोन कोटी पौंड सरकारला भरू. २०१४ मध्ये युरोपचं मुख्यालयही अॅमस्टरडॅमहून लंडनला हलवण्याचं ठरलं. युरोपीय आयोगानं २०१५ मध्ये नेदरलँड्सनं स्टारबक्सला दिलेली कर-सवलत बेकायदा ठरवली, पण २०१९ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयानं तो निर्णय रद्द केला आणि कंपनी सुटली. हेही सांगितलं पाहिजे. कोर्टात कंपनी जिंकली. कॉफीच्या काउंटरवर हरली.

मात्र त्या दोन कोटी पौंडांबद्दल माझं मत अनेकांना पटणार नाही. ब्रिटनमधल्या काही वर्तमानपत्रांनी तो ग्राहकांचा विजय मानला. मला तो अपमान वाटतो. कर किती द्यायचा हे कंपनीच्या मर्जीवर आलं, तर तो कर राहिला कुठे? आपल्या मनानं रक्कम ठरवून, आपल्या सोयीनं तारीख ठरवून, वर पत्रकार परिषद घेऊन जे देतात त्याला देणगी म्हणतात. देवळाच्या पायरीवर नाव कोरून घेण्यासाठी दिलेल्या पैशासारखं ते आहे, आणि तसे पैसे आम्हाला नको आहेत. तेव्हा उद्या कुणी आमच्यापुढे सीएसआरचा अहवाल टाकणार असेल तर थांबा. चौकातल्या बेटावर कंपनीचं नाव, शाळेच्या बाकावर कंपनीचं नाव, झाडाच्या पिंजऱ्यावर कंपनीचं नाव. २०१३ च्या कंपनी कायद्यानं ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करणं बंधनकारकच केलं आहे, त्यात उपकार नाहीत. आणि ते दोन टक्के भारतातल्या कंपनीच्या वहीत दिसणाऱ्या नफ्यावर मोजतात. नफा परदेशी सरकला की कर तर कमी होतोच, झाडाचे पिंजरेही कमी होतात.

आता दुसरी बाजू, कारण ती न सांगता इशारा दिला तर तो फुसका ठरेल. लोकलेखा समितीपुढे स्टारबक्सच्या शेजारी अॅमेझॉनही बसली होती. तिच्यावर बहिष्कार घालावा म्हणून ‘एथिकल कन्झ्युमर’ या ब्रिटिश नियतकालिकानं २०१२ पासून मोहीम चालवली आहे. परिणाम? २०२० मध्ये, टाळेबंदीच्या वर्षात, अॅमेझॉनच्या लक्झेंबर्गमधल्या कंपनीनं युरोपात ४४ अब्ज युरोंची विक्री नोंदवली आणि तोटा दाखवून लक्झेंबर्गमध्ये कंपनी कर शून्य भरला. बहिष्काराची पत्रकं निघत राहिली आणि दारावर खोकी येत राहिली.

असं का झालं हे समजून घेतल्याशिवाय कुणी मूठ आवळू नये. लंडनच्या कोणत्याही रस्त्यावर स्टारबक्सपासून पन्नास पावलांवर दुसरं कॉफीचं दुकान होतं. बहिष्कार घालणाऱ्याला फक्त दार बदलायचं होतं. अॅमेझॉन सोडणाऱ्याला सगळी सवय बदलावी लागत होती, आणि माणूस तत्त्वासाठी कॉफी बदलतो, सवय बदलत नाही. दुसरं कारण मागणीचं. स्टारबक्सपुढे मागणी एकच होती, कर भरा. अॅमेझॉनपुढे कर, गोदामातल्या कामगारांची दशा, पुस्तकांच्या दुकानांचा मृत्यू, खोक्यांचा कचरा अशी मागण्यांची रांग लागली. प्रत्येक मागणी रास्त होती. पण ज्या दिवशी कंपनी एक मान्य करील त्या दिवशी बहिष्कार उठेल असं सांगता येत नव्हतं, आणि कधीच न उठणाऱ्या बहिष्काराला कंपन्या पावसाळ्याइतकंही मोजत नाहीत.

म्हणून आम्ही खोटी धमकी देत नाही. फोनमधली यंत्रणा, शोधयंत्र, नकाशे हे आम्ही सोडू शकत नाही, तुम्हालाही ते ठाऊक आहे. पण साबण? टूथपेस्ट, बिस्किट, चॉकलेट, थंड पेय, शाम्पू, नूडल्स, बूट, जीन्स? दुकानाच्या फळीवर तुमच्या शेजारी दुसऱ्याचा माल उभा आहे. हात दोन इंच बाजूला न्यायचा आहे, इतकंच.

‘आपल्याकडे असं काही होत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. मॉरिशसबरोबर भारतानं १९८२ मध्ये दुहेरी कर टाळण्याचा करार केला. त्यानुसार मॉरिशसमधल्या कंपनीनं भारतातले शेअर विकून मिळवलेल्या नफ्यावर कर लावायचा हक्क मॉरिशसचा, आणि मॉरिशस असा कर लावतच नाही. मग काय, पोर्ट लुईच्या एकेका इमारतीत कंपन्यांच्या पाट्यांची गर्दी झाली, आणि आपल्या नाशिक जिल्ह्यापेक्षा कमी वस्तीचं ते बेट वर्षानुवर्षं भारतातल्या परकीय गुंतवणुकीत पहिल्या क्रमांकावर राहिलं. ही फट बुजवायला २०१६ साल उजाडावं लागलं. १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरवर इथे कर लागू झाला.

दुसरी गोष्ट मुंबईची. फेब्रुवारी २००७ मध्ये हचिसन एस्सार या मोबाइल कंपनीतला ६७ टक्के हिस्सा सुमारे ११ अब्ज डॉलरना वोडाफोनकडे गेला. टॉवर इथले, परवाने इथले, रिचार्ज मारणारे कोट्यवधी लोक इथले. विकला गेला मात्र केमन बेटांवर नोंदलेल्या एका कंपनीचा शेअर. एक शेअर! हाँगकाँगच्या समूहानं तो वोडाफोनच्या डच कंपनीला दिला, आणि भारतात काही विकलंच गेलं नाही असा युक्तिवाद उभा राहिला. कर खात्यानं सुमारे ११ हजार कोटी रुपये मागितले. सप्टेंबर २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खात्याची बाजू उचलून धरली. २० जानेवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयानं ती खाली ठेवली. त्यानंतर प्रणव मुखर्जींनी अर्थसंकल्पात मागच्या तारखेनं कायदा बदलला, हेगच्या लवादात २०२० मध्ये आपण हरलो, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारनं ती दुरुस्ती गुंडाळली. चौदा वर्षं. सामना सुरू झाल्यावर नियम बदलणारं सरकार आणि दूरच्या बेटावर एक शेअर विकणारी कंपनी, यांपैकी कुणाची बाजू घ्यावी हे मला आजही कळत नाही. आम्हाला असला मागच्या तारखेचा न्याय नको आहे. आम्हाला पुढच्या वर्षीचा तक्ता हवा आहे.

आणि तो देता येतो. ऑक्टोबर २०१० मध्ये लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचं वोडाफोनचं दुकान तिथल्या करप्रश्नावरून निदर्शकांनी बंद पाडलं होतं. ‘यूके अनकट’ची ती पहिली धडक. पुढे २०१३ च्या सुमारास वोडाफोननं कोणत्या देशात किती कर भरला याचा अहवाल स्वतःहून प्रसिद्ध करायला सुरुवात केली आणि ती प्रथा चालू ठेवली. कंपनी बुडाली नाही. प्रतिस्पर्ध्यांनी तिची गुपितं पळवली नाहीत. ब्रिटनमध्ये २०१४ पासून ‘फेअर टॅक्स मार्क’ नावाचा शिक्काही मिळतो. एसएसई ही मोठी वीज कंपनी तो अभिमानानं मिरवायला लागली. युरोपीय संघानं मोठ्या समूहांना देशवार करमाहिती जाहीर करण्याचा कायदा २०२१ मध्येच केला, ऑस्ट्रेलियानंही केला. म्हणजे तुमच्यापैकी पुष्कळांना तिथे हे तक्ते उघड करावेच लागणार आहेत. मग तिथलं गिऱ्हाईक शहाणं आणि इथलं अडाणी, असा तुमचा हिशेब आहे का?

‘भारतात कराचा दर फार’ ही सबब २० सप्टेंबर २०१९ ला संपली. त्या दिवशी निर्मला सीतारामन यांनी देशी कंपन्यांचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला, नव्या कारखान्यांसाठी १५ वर, आणि सरकारचं वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचं उत्पन्न यात जाईल असं स्वतःच सांगितलं. परदेशी समूहांच्या इथे नोंदलेल्या कंपन्यांनाही हाच दर. २०२३-२४ मध्ये कंपनी करातून सरकारला सुमारे ९.११ लाख कोटी मिळाले आणि व्यक्तिगत प्राप्तिकरातून सुमारे १०.४५ लाख कोटी. ही तफावत सगळी करटाळणीमुळे आहे असं मी म्हणत नाही, बरीचशी त्या दरकपातीमुळे आहे. पण एवढी सवलत पदरात पडल्यावरही रॉयल्टीच्या वाटेनं नफा बाहेर जाणार असेल तर आमचा संयम मागू नका.

रॉयल्टी देणं गुन्हा नाही, तिच्यावर इथे कर कापलाही जातो. प्रश्न ‘किती’ हा आहे. डिसेंबर २००९ पर्यंत परदेशी कंपनीला द्यायच्या तंत्रज्ञानाच्या रॉयल्टीवर सरकारी परवानगीशिवाय देशांतर्गत विक्रीच्या पाच टक्क्यांची मर्यादा होती. ती काढून टाकली. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांत निदान किरकोळ भागधारकाला हात वर करता येतो. मे २०२४ मध्ये नेस्ले इंडियाच्या भागधारकांनी मूळ कंपनीची रॉयल्टी विक्रीच्या साडेचार टक्क्यांवरून टप्प्याटप्प्यानं सव्वापाचवर नेण्याचा ठराव निम्म्याहून अधिक मतांनी पाडला. त्यांच्याकडे शेअर होते म्हणून ते बोलू शकले. ज्यांचे शेअर बाजारात नाहीतच अशा कंपन्यांचा माल आम्ही घेतो, आणि तिथे बोलायला आमच्याकडे फक्त पिशवी आहे.

कुणी म्हणेल, हा दिल्लीचा कर, मराठी माणसाला त्याचं काय. पंधराव्या वित्त आयोगानं केंद्राच्या वाटपयोग्य करातले ४१ टक्के राज्यांना दिले आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के ठरवला. अधिभार आणि उपकर वगळले तर कंपनी कराच्या प्रत्येक शंभर रुपयांतले अडीच रुपयांहून थोडे अधिक महाराष्ट्राच्या तिजोरीत येतात, असा त्याचा अर्थ. शंभर कोटींचा कर टळला की आपले अडीच कोटी गेले. कुठल्याही ग्रामीण रुग्णालयाच्या अधीक्षकांना विचारा, अडीच कोटींत काय काय होतं. यादी त्यांच्या टेबलाच्या खणात असते.

सरकारांवर विसंबून बसायचे दिवस गेले. ऑनलाइन जाहिरातींवर आपण २०१६ मध्ये सहा टक्क्यांचा जो कर बसवला होता, ज्याला लोक गूगल टॅक्स म्हणत, तो १ एप्रिल २०२५ पासून उठवला. परदेशी ई-व्यापारावरचा दोन टक्क्यांचा कर त्याच्या आधीच गेला. ऑक्टोबर २०२१ मध्ये १३६ देशांनी मोठ्या समूहांवर किमान १५ टक्के कर बसवायचं कबूल केलं. जून २०२५ मध्ये श्रीमंत सात देशांनी अमेरिकी समूहांना त्यातून बाजूला ठेवायचं ठरवलं. सरकारांना व्यापारी करार करायचे असतात, ती दबतात. आम्हाला करार करायचे नाहीत, किराणा भरायचा आहे.

आता गिऱ्हाइकांना, आणि इथे माझा सूर कंपन्यांशी बोलताना होता त्याहून मऊ नाही. ‘पक्कं बिल हवं की कच्चं?’ असं दुकानदारानं विचारल्यावर जीएसटी वाचवायला कच्चं घेणाऱ्यानं या इशाऱ्याखाली उभं राहू नये. फ्लॅट घेताना ‘रोख किती, चेक किती’ हा सौदा करणाऱ्यानं तर मुळीच नाही. केमन बेटांवरचा शेअर आणि टाइल्सच्या दुकानातली बिनशिक्क्याची चिठ्ठी यांत फरक रकमेचा आहे, जातीचा नाही. साबणावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेवढा भरायला रडू नका. बिल मागा. पक्कं मागा.

व्यापाऱ्यांनाही सांगून ठेवतो. १९०५ च्या स्वदेशी चळवळीत मँचेस्टरच्या कापडावर लोकांनी पाणी सोडलं तेव्हा मुंबईच्या गिरण्यांनी संधी साधून धोतरांचे भाव चढवले, अशी तक्रार बंगालातून झाली होती. तो प्रकार पुन्हा दिसला तर हीच पिशवी तुमच्या दाराशीही रिकामी राहील. मुंबई ग्राहक पंचायतीच्या सभासद कुटुंबांनी पाच दशकं गट करून महिन्याचा किराणा एकत्र आणून वाटून घेतला आहे. दुकानाशिवायही घर चालतं हे या शहराला माहीत आहे.

आणि कोणीही दुकानाची काच फोडायची नाही. पार्सल घेऊन आलेल्या पोराला बोलायचं नाही, मॉलच्या दारातल्या रखवालदाराला अडवायचं नाही, काउंटरवरच्या मुलीचा व्हिडिओ काढायचा नाही. रॉयल्टी किती पाठवायची हे त्यांनी ठरवलेलं नाही. झेंडे घेऊन येणारे पक्षही नकोत. एखाद्या देशाचं, धर्माचं, आडनावाचं नाव घेऊन बहिष्काराची हाळी देणारा कोणी आमच्यात शिरला तर तो आमचा नाही. असल्या हाका पुढच्या सेलपर्यंत टिकतात, हे आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं आहे. मूळची भारतीय म्हणून कुणाला सूटही नाही. रेषा उलाढालीची आहे, पासपोर्टची नाही.

अटी अशा. ३१ मार्चला हिशेब बंद करणाऱ्या कंपनीला वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागते, तेव्हा आमचीही मुदत तीच. कर खात्याला दिलेला देशवार तक्ता, अलीकडच्या तीन वर्षांचा, तुमच्या भारतातल्या संकेतस्थळावर लावा. भारताच्या ओळीखाली, समूहातल्या कोणत्या कंपनीला रॉयल्टी, व्याज आणि सेवाशुल्क म्हणून किती रक्कम गेली ते देशाच्या नावासह लिहा. मराठीत दिलात तर बरं; इंग्रजीत दिलात तरी आकडे आम्हाला वाचता येतात. तोटा झाला असेल तर तोटा दाखवा. ज्याला खरोखर तोटा झाला आहे त्याला या तक्त्याचं भय नाही. तक्ता लावला म्हणजे माफी मिळाली असंही समजू नका: लावणाऱ्याशी आम्ही आकड्यांवर बोलू, न लावणाऱ्याकडून घेणार नाही.

१ ऑक्टोबरपासून भाऊबीजेपर्यंत, म्हणजे वर्षातली तुमची सगळ्यात मोठी विक्री ज्या दिवसांत होते त्या दिवसांत, तक्ता न लावणाऱ्या समूहाची पर्याय असलेली एकही वस्तू आमच्या यादीत नसेल. उटण्यासोबतचा साबण दुसऱ्याचा, फराळाबरोबरचं थंड पेय दुसऱ्याचं, मुलांचे बूट दुसऱ्याचे. सवलतीचे कूपन, एकावर एक, क्रिकेटपटूची जाहिरात यांनी फरक पडणार नाही. भाऊबीजेनंतरही तक्ता दिसला नाही तर पुढची मुदत होळी, आणि तोवर यादी तशीच.

मुदतवाढीचा अर्ज करू नये. आम्हाला विवरणपत्र भरायला एक दिवस उशीर झाला तर पाच हजारांपर्यंत शुल्क लागतं, आणि तिथे आमचं कारण कोणी विचारत नाही.